गेममधलं मध्ययुगीन गाव आणि इतिहासातलं गाव

प्रश्न असा आहे: 'किंगडम कम: डिलिव्हरन्स', 'एज ऑफ एम्पायर्स', 'मॅनर लॉर्ड्स', 'क्रुसेडर किंग्ज' असे गेम खेळून युरोपातलं मध्ययुगीन जगणं कितपत समजतं? इतिहासकारांना जे सापडलंय त्याच्याशी ते किती जुळतं? मी युरोपचा मध्ययुगीन इतिहास शिकवतो आणि हे गेमही आवडीने खेळतो. वर्गातली बरीच मुलं या विषयाकडे गेममुळेच वळलेली असतात, त्यामुळे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. उत्तर लांब होणार आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो. वस्तूंच्या बाबतीत चांगले गेम थक्क व्हावं इतके काटेकोर असतात. चिलखत, तटबंदी, घराची शाकारणी, भट्टी, बैलाचं जू यांत चूक काढायला जाणकारालाही वेळ लागतो. माणसं एकमेकांना कशी बांधलेली होती, हे मात्र जवळपास कुठेच दिसत नाही. कोण कुणाचं काय देणं लागतं, नांगरणी कधी करायची हे कोण ठरवतं, चोर पळाला तर त्याच्यामागे कोण धावतं, दळण कुठे दळायचं याची सक्ती कुणाची, या गोष्टींतच त्या काळातल्या बहुसंख्य लोकांचं आयुष्य जात होतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं बरंचसं संशोधनही याच गोष्टींवर झालेलं आहे.

'किंगडम कम'पासून सुरुवात करू, कारण या बाबतीत सर्वांत जास्त मेहनत याच गेमने घेतली आहे. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने तो 2018 साली आणला. काळ 1403 चा, प्रदेश बोहेमिया, म्हणजे आजचा चेक प्रजासत्ताक. राजा चौथा वेन्सेस्लास याला त्याचाच सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, याने 1402 साली कैद केलं होतं. सिगिस्मुंडचं सैन्य स्कालित्सा हे चांदीच्या खाणीचं गाव बेचिराख करतं आणि लोहाराचा मुलगा हेन्री तिथून जीव घेऊन पळतो. गावं खरी आहेत, साझावाचा मठ आजही उभा आहे, राजकारण खरं आहे. हेन्रीला सुरुवातीला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटसुलट दिसतात आणि लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं. अंगावर आधी कापसाचा जाड गादीसारखा अंगरखा, त्यावर कड्यांचं जाळीदार चिलखत आणि मग लोखंडी पत्रे असे थर चढवावे लागतात. हे थर अगदी बरोबर आहेत. संपूर्ण पोलादी चिलखताचं वजन साधारण वीस-पंचवीस किलो भरायचं आणि ते सगळ्या अंगावर वाटलं जायचं. त्यात माणूस धावू शकायचा, पडला तर स्वतःच उठायचा. घोड्यावर चढवायला दोरखंड-कप्पी लागायची, ही निव्वळ दंतकथा आहे आणि हा गेम तिच्या वाटेला जात नाही.

लढाईच्या जखमांचा पुरावाही आपल्याकडे आहे. 1361 साली डेन्मार्कच्या सैन्याने गॉटलंड बेटावर व्हिस्बी शहराच्या वेशीपाशी तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. विसाव्या शतकात त्यांच्या सामूहिक कबरी खणल्या गेल्या आणि त्यांत अकराशेहून अधिक लोकांचे सांगाडे मिळाले. पायांच्या हाडांवर घाव किती असावेत! ढालीखाली उघडा राहणारा पाय हे सोपं लक्ष्य होतं. शिवाय मेलेल्यांत पोरसवदा मुलं होती, म्हातारे होते, आधीपासून अधू असलेले होते. गेममधलं सैन्य मात्र नेहमी एकाच वयाच्या धडधाकट पुरुषांचं असतं.

वाचता येणं-न येणं हा भाग मला आवडतो, पण संशोधन त्याच्या पुढे गेलं आहे. गेममध्ये दोनच अवस्था आहेत, निरक्षर किंवा साक्षर. प्रत्यक्षात ज्याला अक्षर येत नव्हतं त्याचंही आयुष्य कागदपत्रांनी वेढलेलं होतं. दस्त दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे आणि त्यावर स्वतःची मोहर उठवायची, ही सर्रास पद्धत होती. इंग्लंडमध्ये 1285 च्या एका कायद्यात तर भूदास शेतकऱ्याकडेही स्वतःची मोहर असायला हवी, अशी अपेक्षा दिसते. म्हणजे वाचता न येणारा शेतकरी कोर्टकचेरीत अडाणी नव्हता.

आता लोहार. गेममधल्या प्रत्येक गावात लोहाराच्या दुकानात तलवारी टांगलेल्या असतात. तलवारीची चांगली पाती पासाऊ, कोलोन अशा ठरावीक शहरांतून यायची आणि उत्तम चिलखतं मिलान, न्यूरेम्बर्गची. गावच्या लोहाराचं काम म्हणजे नांगराचे फाळ, विळे, खिळे, नाल, बिजागऱ्या. आपल्या बलुतेदारीतला लोहार ज्यांनी पाहिला किंवा ऐकला आहे त्यांना हे लगेच कळेल, आणि साम्य फक्त कामापुरतं नाही. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची 1183 ची पाहणी उपलब्ध आहे. तिच्यात अमुक एकर जमीन लोहाराकडे, मोबदल्यात त्याने नांगरांचं लोखंडी काम करायचं, अशा नोंदी आहेत. म्हणजे हा लोहार दुकानदार नव्हता, गावाशी करार असलेला माणूस होता. 'किंगडम कम'ने हेन्रीच्या बापाला पूर्वी नावाजलेला तलवार घडवणारा दाखवून ही अडचण सोडवली आहे, त्यामुळे तिथे शंका आली तरी पटतं. इतर गेम एवढाही विचार करत नाहीत.

मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे पहारेकरी. कोणताही मध्ययुगीन गेम घ्या. चोरी केली, कुणाला मारलं, की गणवेशातला पहारेकरी धावत येतो, दंड भर नाहीतर कोठडीत चल म्हणतो. पगारी पोलिसांची ही कल्पना खूप नंतरच्या काळातली आहे. मध्ययुगात ते काम शेजाऱ्यांचं होतं. याच्या सर्वांत तपशीलवार नोंदी इंग्लंडमध्ये उरल्या आहेत, म्हणून उदाहरण तिथलं देतो. बारा वर्षांवरच्या पुरुषांना साधारण दहा-दहाच्या गटांत बांधलेलं असायचं. गटातल्या एकाने गुन्हा केला तर त्याला हजर करण्याची जबाबदारी बाकीच्यांवर, आणि तो पळाला तर दंड सगळ्यांना. प्रेत दिसलं किंवा चोर दिसला की ज्याने पाहिलं त्याने आरडाओरडा करायचा, आणि ती हाक ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून पाठलाग करायचा. केला नाही तर दंड. उगाच ओरडलं तरी दंड.

1285 च्या विंचेस्टरच्या कायद्याने हे अधिक पक्कं केलं. उन्हाळ्यात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शहराच्या प्रत्येक वेशीवर सहा जणांचा पहारा, गावात चार किंवा सहा जणांचा, आणि हे सगळे तिथलेच रहिवासी. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे घरात शस्त्र ठेवायचं. बाजारगावांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची दोनशे-दोनशे फुटांतली झुडपं तोडायची, म्हणजे दरोडेखोरांना लपायला जागा राहणार नाही. राज्याकडे पगारी माणसं नसताना सुव्यवस्था कशी राखायची, या अडचणीला दिलेलं हे उत्तर होतं. बोहेमियातले कायदे वेगळे होते, पण गावोगाव तैनात असलेली पगारी फौज तिथेही नव्हती.

या व्यवस्थेतून गेमसाठी केवढं साहित्य मिळालं असतं! पळणारा गुन्हेगार चर्चमध्ये शिरला की त्याला 40 दिवसांचा आसरा मिळायचा. तेवढ्या मुदतीत त्याने अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यासमोर गुन्हा कबूल करायचा आणि देश सोडण्याची शपथ घ्यायची. मग त्याला एखादं बंदर नेमून दिलं जायचं आणि ठरलेल्या वाटेने तिथवर पायी जावं लागायचं. वाट सोडली तर कुणीही पकडावं. खटला उभा राहिलाच तर निवाडा देणारे लोकही शेजारपाजारचेच, आणि खुनाच्या खटल्यांत ते बहुतेक आरोपींना सोडून देत. त्यांना त्या माणसाची सगळी कुंडली माहीत असायची. तुमचं नाव गावात चांगलं आहे की वाईट, याचा परिणाम तुमच्या गळ्याभोवतीच्या दोरापर्यंत पोहोचायचा. 'किंगडम कम'मध्ये नावलौकिकाचा आकडा आहे आणि तो प्रत्येक गावात वेगळा मोजला जातो. कल्पना योग्य दिशेची आहे, पण तिचा परिणाम मुख्यतः दुकानातले भाव आणि लोकांच्या बोलण्याचा सूर एवढ्यावरच थांबतो.

हिंसेबद्दलही इथेच सांगतो. तो काळ आजच्या युरोपपेक्षा नक्कीच अधिक हिंसक होता. केंब्रिज विद्यापीठाने 2018 साली चौदाव्या शतकातल्या लंडनच्या खुनांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात अपमृत्यूंच्या चौकशीच्या दप्तरांतून काढलेले 142 खून आहेत. ते बघितले की चित्र वेगळं दिसतं. हत्यार बहुतेक वेळा सुरा, जो तेव्हा प्रत्येकाच्या कमरेला असायचा. दिवस बऱ्याचदा रविवार, म्हणजे सुट्टी, दारू आणि भांडण. जागा बाजार आणि रहदारीचे रस्ते. जंगलातल्या वाटेवर टोळ्यांशी रोज लढणारा आणि वर्षभरात शेकडो माणसं मारणारा गेमचा नायक त्या दप्तरांत सापडत नाही. याच प्रकारच्या गावाकडच्या नोंदींतून बार्बरा हॅनावॉल्ट यांनी अपघाती मृत्यूंचा अभ्यास केला. पुरुष शेतात, गाडीखाली, झाडावरून पडून मरतात. बायका घराजवळ, विहिरीवर, पाणी भरताना, चुलीपाशी मरतात. कोण दिवसभर कुठे राबत होतं याचा याहून थेट पुरावा मिळणं कठीण आहे. मला तो वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

शेतीकडे वळू. आपल्याकडे सायबर कॅफेच्या काळापासून खेळला जाणारा 'एज ऑफ एम्पायर्स 2' 1999 साली आला. त्यात शेत करायला 60 लाकूड लागतं आणि त्यातून सुरुवातीला 175 अन्न मिळतं. बी-बियाणं नाही, पाऊस नाही, सुगी नाही. पण त्या गेममधल्या गिरणीपाशी तीन सुधारणा विकत घेता येतात: घोड्याच्या गळ्यातलं नवं जू, जड नांगर आणि पिकांची फेरपालट. ही यादी कुठून आली ते मध्ययुगीन इतिहास शिकलेल्याला पाहताक्षणी कळतं. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1962 साली असं मांडलं होतं की उत्तर युरोपातली कृषिक्रांती जड नांगर, घोड्याचा वापर आणि तीन शेतांची फेरपालट यांतून झाली, आणि तिथूनच शहरं वाढली. मांडणी देखणी होती आणि पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली. तिच्यावर टीका मात्र लगेच पुढच्याच वर्षी रॉडनी हिल्टन आणि पी. एच. सॉयर यांनी केली: एका यंत्रामुळे समाज बदलतो असं धरून पुरावा त्यात कोंबला आहे. पुढच्या संशोधनाने दाखवलं की हे बदल शतकानुशतकं, तुकड्यातुकड्यांत आणि प्रदेशागणिक वेगळ्या वेगाने झाले. पूर्व इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये घोडे लवकर आले. इंग्लंडच्या अनेक भागांत मध्ययुग संपेपर्यंत नांगराला बैलच राहिले, कारण बैल गवतावर जगतो, घोड्याला ओट लागतात, आणि म्हातारा बैल खाता येतो. ते शेतकरी मागासलेले नव्हते, त्यांचा हिशोब चोख होता.

उत्पन्नाचा हिशोबही बघा. विंचेस्टरच्या बिशपच्या जमिनींचे तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे हिशोब टिकून आहेत. त्यावरून गव्हाचं उत्पन्न पेरलेल्या बियाण्याच्या साधारण चौपट येतं. चार पोती आली की त्यातलं एक पुढच्या पेरणीसाठी बाजूला. दहावा हिस्सा चर्चचा. उरलं अडीच पोत्यांच्या आसपास, त्यातून दळणावळ आणि धन्याचं, म्हणजे जमीनमालक सरदाराचं किंवा मठाचं, देणं. एक सुगी बुडाली तर माणूस बियाणं खाऊन टाकतो आणि पुढचं वर्षही बुडतं. 1315 ते 1317 या पावसाळी वर्षांत उत्तर युरोपात नेमकं हेच झालं आणि काही भागांत दहातला एक माणूस गेला. या आकड्याची धास्ती मनात ठेवल्याशिवाय त्या काळातला एकही निर्णय नीट समजत नाही.

शिवाय शेत एकट्याचं नव्हतंच. इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात आणि उत्तर युरोपात बऱ्याच ठिकाणी गावाची दोन-तीन प्रचंड मोकळी शेतं असत, आणि त्यांत प्रत्येकाच्या अरुंद लांब पट्ट्या विखुरलेल्या. शेजाऱ्याने काय पेरलंय ते बघूनच तुम्ही पेरायचं, कारण कापणी झाली की त्याच रानात सगळ्या गावाची गुरं सुटणार. गावकीचे नियम असत: धान्याच्या पेंढ्या रात्री वाहायच्या नाहीत, कारण अंधारात कुणाच्या पेंढ्या ते कळत नाही. पडलेली कणसं वेचण्याचा हक्क म्हातारे, लहान मुलं आणि अशक्त यांनाच, धडधाकट माणसाने मजुरीवर जायचं. धन्याच्या दरबाराच्या दप्तरांत नांगराचं एक तास सरकवून शेजाऱ्याच्या पट्टीत घुसल्याबद्दलचे दंड पानोपानी दिसतात. बांध कोरण्याची भांडणं पाहत मोठं झालेल्या कुणालाही ही पानं परकी वाटणार नाहीत.

2024 साली आलेला 'मॅनर लॉर्ड्स' इथे बराच पुढे जातो. प्रेरणा चौदाव्या शतकाच्या शेवटच्या फ्रँकोनियाची, म्हणजे आजच्या उत्तर बव्हेरियाची. घरांचे भूखंड रस्त्याकडे अरुंद आणि मागे लांबवर परसबाग असलेले आहेत. युरोपातल्या कितीतरी जुन्या गावांच्या नकाशांत ही आखणी आजही ओळखू येते. सुरुवातीला ओंडके ओढायला एकच बैल असतो आणि सगळं बांधकाम त्याच्यावर अडतं. हिवाळ्यासाठी सरपण साठवावं लागतं, जमिनीचा कस जातो, शेत पडीक ठेवावं लागतं. पुरातत्त्वाचे अहवाल कुणीतरी मन लावून वाचल्याचं जाणवतं. तरीही कोणतं कुटुंब काय करेल हे वरून तुम्ही ठरवता आणि कुटुंबं मुकाट्याने करतात. कुणी वेठीला जायला नकार देत नाही, कुणी वेठीच्या दिवशी मुद्दाम अर्धंच शेत नांगरत नाही. खऱ्या दप्तरांत असे नकार भरपूर आहेत.

गिरणीची गोष्ट तर सांगायलाच हवी. गेममध्ये गिरणी ही निरुपद्रवी इमारत, धान्य साठवायला किंवा पीठ करायला. मध्ययुगात अनेक ठिकाणी ती धन्याच्या सत्तेची जागा होती. दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं आणि त्याचा वाटा तिथेच कापून द्यायचा. घरी जातं ठेवणं म्हणजे ही सक्ती मोडणं. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठाचा या जात्यांवरून तिथल्या लोकांशी दीर्घ झगडा चालला होता. मठाचा प्रमुख, म्हणजे ॲबट, रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड (हाच तो खगोलीय घड्याळ बांधणारा विद्वान) याच्या काळात लोकांची जाती जप्त झाली आणि त्यांचे दगड मठातल्या एका दालनात फरशीसारखे बसवले गेले. 1381 च्या शेतकरी उठावात लोक त्या दालनात शिरले, त्यांनी ते दगड उखडले आणि तुकडे करून आपसांत वाटून घेतले. जवळजवळ पन्नास वर्षं लोकांनी तो अपमान लक्षात ठेवला होता. एका जात्यात इतकं राजकारण मावतं, आणि एकाही मोठ्या गेमच्या गिरणीत ते मला भेटलेलं नाही.

ऋतूंबद्दल थोडक्यात. 'किंगडम कम'च्या पहिल्या भागात ऋतू बदलतच नाहीत. कथा मार्चमध्ये सुरू होते आणि मग कायम हिरवागार उन्हाळा. कॅथलिक युरोपात शुक्रवार, ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि इतर उपवास धरले तर वर्षाचा मोठा भाग मांस वर्ज्य असायचा, पण हेन्री वाटेल त्या दिवशी मांस खातो. बटाटा, टोमॅटो, मका मात्र त्याच्या ताटात नाहीत आणि ते योग्यच आहे. ही पिकं अमेरिकेतून यायला अजून शंभर वर्षं होती.

मळकटपणाची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक गेम मध्ययुगाला तपकिरी-करड्या रंगात बुडवतात आणि लोकांना घाणेरडं दाखवतात. पुरावा तसं सांगत नाही. निळ्यासाठी वोडची पानं, लालसाठी मंजिष्ठेच्या जातीतल्या झाडाची मुळं, पिवळ्यासाठी वेल्ड, हे रंग साध्या लोकांच्याही आवाक्यात होते. इंग्लंडमध्ये 1363 साली कायदा करून नांगरे, गाडीवान, गुराखी यांनी फक्त स्वस्त जाडंभरडं लोकरी कापड वापरावं असं फर्मावलं गेलं. लोक ऐपतीच्या वर कपडे घालत नसते तर असा कायदा कुणी कशाला केला असता? तो थोड्याच काळात मागेही घ्यावा लागला. लंडनच्या टॉवरमधली मधली गढी 1240 साली तिसऱ्या हेन्रीच्या हुकमाने चुन्याने पांढरी केली गेली. चर्चच्या भिंती आतून चित्रांनी भरलेल्या असायच्या. आपण आज बघतो ते उघडे दगड म्हणजे रंग उडून गेलेले अवशेष आहेत, आणि गेमवाले तेच अवशेष बघून त्या काळाचे वाडे रंगवतात. सार्वजनिक न्हाणीघरं होती, आणि 'किंगडम कम'ने ती दाखवली हे चांगलं केलं. फक्त तिथल्या बायकांना गेमने एकाच साच्यात बसवलं आहे.

बायकांचा मुद्दा त्यामुळेच निघतो. 'ऐतिहासिक अचूकता' हे कारण पुढे करून बायकांना चूल, न्हाणीघर आणि बिछाना एवढ्यापुरतं ठेवायचं, ही सवय मला मान्य नाही, कारण ती इतिहासाला धरून नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या खेड्यांत एल ही साधी बिअर गाळणं मुख्यतः बायकांच्या हातात होतं, हे ज्युडिथ बेनेट यांनी दरबारांच्या दप्तरांतून दाखवून दिलं. हॉप्स (बिअर टिकवणारी कडू फुलं) न घातलेली एल काही दिवसांत आंबून जाते. म्हणून आज हिच्या घरी, पुढच्या आठवड्यात तिच्या घरी अशी पाळीपाळीने ती तयार व्हायची. दाराबाहेर काठी लावली की एल तयार आहे असं समजायचं, मग नेमलेला माणूस येऊन चव आणि माप तपासायचा. गेममधल्या प्रत्येक खेड्यात दिसणारी, खोल्या भाड्याने देणारी ऐसपैस खानावळ मोठ्या रस्त्यांवर आणि शहरांत असायची. खेड्यात लोक शेजारणीच्या ओसरीवर बसून प्यायचे. हॉप्सची टिकाऊ बिअर आणि मोठं भांडवल आल्यावर हा धंदा हळूहळू पुरुषांकडे गेला. कोलोनमध्ये तर सूत कातणाऱ्या बायकांचा स्वतःचा व्यवसायसंघ 1397 साली आणि रेशीम करणाऱ्यांचा 1437 साली नोंदला गेला. 'किंगडम कम'ने 2019 साली एका जोडभागात तेरेसा या गिरणीवाल्याच्या घरातल्या मुलीला खेळायला दिलं. तो भाग लहान आहे, पण गावाकडे बघण्याची त्याची नजर मूळ गेमपेक्षा मला जास्त खरी वाटली.

पैसा हा गेममध्ये नेहमी खिशात खुळखुळतो. प्रागचा ग्रोशन हे चांदीचं चांगलं वजनदार नाणं, 1300 पासून कुटना होरा इथे पाडलेलं. त्याचे बारा छोटे भाग होते आणि मोठे व्यवहार साठ-साठच्या हिशोबात मोजले जायचे. हेन्रीकडे थोड्याच दिवसांत हजारो ग्रोशन जमतात, म्हणजे एका छोट्या सरदाराची मत्ता तो पाठीवर घेऊन फिरतो. साध्या माणसाची देवाणघेवाण बरीचशी उधारीवर चालायची आणि त्या उधाऱ्यांचे वाद त्याच गावच्या दरबारात यायचे.

'क्रुसेडर किंग्ज 3' (2020) बद्दल माझं मत संमिश्र आहे. राज्य म्हणजे नकाशावरचा रंग नसून लग्नं, वारस, रुसवे आणि भाऊबंदकी यांचं जाळं आहे, हे दुसरा कोणताही गेम इतकं चांगलं शिकवत नाही. मुलांमध्ये राज्य वाटलं जाऊन ते मोडतं तेव्हा खेळणाऱ्याला खरोखर चटका बसतो. पण त्याचा पाया राजा, सरदार, उपसरदार असा सरंजामी मनोरा आहे. एलिझाबेथ ब्राउन यांनी 1974 साली आणि सुझन रेनल्ड्स यांनी 1994 साली त्या मनोऱ्याचेच चिरे काढले. इतका सुबक, युरोपभर सारखा ढाचा मूळ कागदपत्रांत दिसत नाही, तो बराचसा नंतरच्या कायदेपंडितांनी रचला, असं त्यांनी दाखवलं. त्या गेमच्या नकाशात भारतही आहे आणि दख्खनमधून खेळताही येतं. पण युरोपसाठी आखलेले नियम किरकोळ बदल करून दख्खनला लावले आहेत. युरोपलाच नीट न बसणारा ढाचा इथे आणखी सैल बसतो.

'किंगडम कम'वर आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. सिगिस्मुंडच्या सैन्यातले कुमन तिथे बिनचेहऱ्याचे क्रूर शत्रू आहेत. कुमन हे मूळचे पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातले भटके लोक, 1239 च्या सुमारास हंगेरीत आले. 1403 पर्यंत त्यांना तिथे दीडशेहून अधिक वर्षं झाली होती आणि त्यांचं ख्रिस्तीकरणही बरंच झालं होतं. त्याच काळात बोहेमियाच्या शहरांत आणि खाणींत जर्मन बोलणारे मोठ्या संख्येने होते, प्रागमध्ये ज्यू वस्ती होती आणि 1389 च्या ईस्टरला तिथे भीषण कत्तल झाली होती. पहिल्या भागात यातलं फारसं काही नाही. 2025 चा दुसरा भाग कुटना होऱ्याला नेतो, ज्यूंचा मोहल्ला दाखवतो आणि ही उणीव काही प्रमाणात भरून काढतो. धर्माच्या बाबतीत पहिला भागही सजग होता. चर्चवर टीका करणारा धर्मसुधारक यान हुस 1402 पासून प्रागमध्ये प्रवचनं देत होता, आणि गेममधला खेड्यातला एक पाद्री त्याच विचारांचं प्रवचन देतो, तो प्रसंग काळाला अगदी धरून आहे.

मग खेळावं काय, असं विचाराल तर माझं उत्तर 'पेंटिमेंट' (2022) आहे. काळ थोडा पुढचा, 1518 पासूनची पंचवीस वर्षं, जागा बव्हेरियातलं टासिंग हे काल्पनिक गाव आणि त्याच्या वरचा मठ. तुम्ही हस्तलिखितं रंगवणारा चित्रकार असता. लढाया जवळपास नाहीत. खून होतो, वेळ अपुरा असतो, आणि आज जेवायला कुणाच्या घरी बसायचं हे निवडावं लागतं. त्या पंगतीत काय वाढलंय, कोण काय बोलतं, कोण गप्प राहतं, यातून गाव कळत जातं. आरोप कुणावर करायचा हे तुम्ही ठरवता, खरा खुनी कोण हे गेम पक्कं सांगत नाही, आणि तुमच्या बोलण्याने ज्याचं डोकं उडालं त्याच्या घरच्यांना तुम्ही पुढची वर्षं भेटत राहता. मोकळीक कमी आहे, म्हणूनच हा गेम त्या काळातल्या गावाच्या जवळ जातो.

त्याच्या दुसऱ्या भागात ॲबट कर वाढवतो, जंगल बंद करतो आणि गाव पेटतं. तो भाग संपवल्यावर 1525 साली मेमिंगेन इथे शेतकऱ्यांनी मांडलेल्या बारा मागण्या जरूर वाचा. मजकूर छोटा आहे आणि इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. जंगलातलं लाकूड आमचं, नदीतले मासे आमचे, वेठ जुन्या रिवाजाइतकीच ठेवा, असं ते एकामागून एक लिहितात. अकरावी मागणी मृत्युकराची आहे. घरचा कर्ता मेला की त्याच्या विधवेकडून आणि पोरक्या मुलांकडून धनी आपला वाटा घेऊन जायचा, बऱ्याचदा गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर. ही चाल यापुढे आम्ही कदापि सोसणार नाही, असं त्यांनी तिथे स्पष्ट लिहिलं आहे.